एलएलबी झालं म्हणजे वकील झालं का? कॉलेजपासून सनदेपर्यंतचा रस्ता समजून घ्या

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज सुरू होतात. कुणी फोटो टाकतं, कुणी नावामागे 'ॲड.' लावून पोस्ट करतं. दोन दिवसांत इन्स्टाग्रामच्या बायोमध्येही 'ॲडव्होकेट' येतं.

पण त्या दिवशी ती व्यक्ती कायद्यानं वकील झालेली नसते. तिच्याकडे कायद्याची पदवी असते, एवढंच. कोर्टात अशिलाच्या वतीनं उभं राहण्याचा, वकीलपत्र दाखल करण्याचा आणि नावामागे 'ॲडव्होकेट' लावण्याचा अधिकार सनद मिळाल्यावर येतो. पदवी आणि सनद यांच्यामध्ये काही पायऱ्या आहेत. त्या माहीत नसल्यामुळे कुणाचं वर्ष वाया जातं, कुणाचे पैसे जातात, तर कुणाला पाच वर्षं शिकून झाल्यावर कळतं की आपली बारावीच नियमात बसत नाही.

हा रस्ता नेमका कसा आहे, ते पाहूया.

वकील कोणाला म्हणायचं, हे कोण ठरवतं?

भारतात याचं उत्तर ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ या कायद्यात आहे. त्याआधी वकील, प्लीडर, मुखत्यार, बॅरिस्टर असे वेगवेगळे वर्ग होते. प्रत्येकाचे अधिकार वेगळे आणि कोर्टंही वेगळी. १९६१ च्या कायद्यानं हे वर्ग मोडीत काढून 'ॲडव्होकेट' हा एकच वर्ग ठेवला.

या कायद्यानुसार दोन पातळ्यांवर संस्था काम करतात. देशपातळीवर बार कौन्सिल ऑफ इंडिया आणि राज्य पातळीवर राज्य बार कौन्सिल. कायद्याचं शिक्षण कसं असावं, कोणत्या विद्यापीठाची पदवी ग्राह्य धरायची, हे बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते. प्रत्यक्ष नावनोंदणी करून सनद देण्याचं काम राज्य बार कौन्सिलचं. आपल्याकडे ही संस्था म्हणजे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. तिचं मुख्य कार्यालय मुंबईत, फोर्ट भागात उच्च न्यायालयाच्या इमारतीत आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासोबत दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचे वकीलही याच कौन्सिलकडे येतात.

कायद्याच्या कलम २४ मधल्या मुख्य अटी तीन आहेत. व्यक्ती भारतीय नागरिक असावी, वय २१ वर्षं पूर्ण असावं आणि मान्यताप्राप्त कायद्याची पदवी असावी. ज्या देशात भारतीयांना वकिली करू दिली जाते, त्या देशाच्या नागरिकांसाठी नागरिकत्वाच्या अटीला अपवाद आहे.

पहिली पायरी: तीन वर्षं की पाच वर्षं?

कायद्याच्या पदवीचे दोन मार्ग आहेत.

बारावीनंतर थेट पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम करता येतो. यात बीए एलएलबी, बीबीए एलएलबी, मुंबई विद्यापीठातला बीएलएस एलएलबी असे प्रकार येतात. दुसरा मार्ग म्हणजे आधी कुठल्याही शाखेची पदवी घ्यायची आणि मग तीन वर्षांचं एलएलबी करायचं. बीकॉम, बीएससी, इंजिनिअरिंग, अगदी डॉक्टरकी केलेली माणसंही या मार्गानं येतात.

वेळेचा हिशोब सोपा आहे. बारावीनंतर पाच वर्षांच्या मार्गानं पाच वर्षं लागतात, पदवी करून गेल्यास साधारण सहा. सनदेसाठी दोन्हींची किंमत सारखीच. बार कौन्सिल यात भेद करत नाही.

प्रवेशासाठी गुणांची अटही आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीत आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीत खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गासाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात.

प्रवेश परीक्षा कोणती द्यायची?

महाराष्ट्रातल्या बहुतेक लॉ कॉलेजांत प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या विधी सीईटीतून होतो. तीन आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांसाठी वेगवेगळी परीक्षा असते. ती संगणकावर होते, बहुपर्यायी असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्न इंग्रजीसोबत मराठीतही असतात, ही मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी मोठी सोय आहे. निकालानंतर कॅप फेऱ्यांमधून जागा मिळते. १८५५ साली सुरू झालेलं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा १९२४ साली सुरू झालेलं पुण्याचं आयएलएस यांसारख्या जुन्या कॉलेजांसाठी इथंच चुरस असते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर 'क्लॅट' ही परीक्षा द्यावी लागते. दोन तासांत १२० प्रश्न आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि काही खासगी विद्यापीठं स्वतःची वेगळी परीक्षा घेतात.

प्रवेश कुठंही घ्या, एक गोष्ट आधी तपासा: कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, आणि ती आपण प्रवेश घेतोय त्या वर्षासाठी चालू आहे का? इमारत, जाहिरात आणि विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असलं तरी ही मान्यता नसेल, तर पदवी हातात येऊनही सनद अडकते.

इथं अनेकजण फसतात

सोशल मीडियावर 'घरबसल्या एलएलबी', 'फक्त परीक्षेला या' अशा जाहिराती सतत दिसतात. त्यामुळे काही नियम नीट लक्षात ठेवायला हवेत.

दूरस्थ पद्धतीनं केलेलं एलएलबी सनदेसाठी चालत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनुसार अभ्यासक्रम नियमित हवा आणि प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी हवी. ठोस कारण असेल तर ही मर्यादा थोडी शिथिल होते, पण ती सवलत आहे, हक्क नाही.

मुक्त विद्यापीठाबद्दलही मोठा गोंधळ आहे. दहावी आणि बारावी रीतसर करून नंतर मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर तीन वर्षांच्या एलएलबीला अडचण नाही. पण बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर नियमांनुसार ती व्यक्ती प्रवेशाला पात्र नाही. अशा प्रकरणात प्रवेशाच्या वेळी कुणी कागद नीट पाहिले नाहीत, तरी नावनोंदणीच्या वेळी ते पाहिले जातातच.

एलएलबी करताना दुसरी नियमित पदवी एकाच वेळी करता येत नाही. नोकरी करत शिकणाऱ्यांनी ती गोष्ट लपवू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं कॉलेजांना सूचना दिल्या आहेत. त्यानुसार विद्यार्थ्यानं आपली नोकरी, दुसरा अभ्यासक्रम आणि गुन्हेगारी प्रकरणं यांची माहिती जाहीर करायची आहे.

वयाचं मात्र टेन्शन नको. बार कौन्सिलनं प्रवेशासाठी २० आणि ३० वर्षांची कमाल मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला होता, पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. त्याआधी १९९५ मध्ये, ४५ वर्षांवरील व्यक्तींना सनद नाकारणारा नियमही सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला होता. म्हणूनच लॉ कॉलेजच्या बाकावर निवृत्त पोलीस, शिक्षक आणि मुलं मोठी झाल्यावर शिकायला आलेल्या गृहिणी दिसतात.

कॉलेजात नेमकं काय शिकवतात?

संविधान, करार, कौटुंबिक कायदा, मालमत्ता, कंपनी कायदा, पर्यावरण, कामगार कायदे हे मुख्य विषय. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. तरीही १ जुलैआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू होते. त्यामुळे सध्या शिकणाऱ्या पिढीला '४२०' आणि '३०२' ही जुनी कलमंही माहीत हवीत आणि त्यांचे नवे क्रमांकही.

याशिवाय चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे असतात: दावे-अर्ज लिहिणं, व्यावसायिक नीती, तडजोडीसारखे पर्यायी मार्ग आणि अभिरूप न्यायालय. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. अनेकजण ओळखीतून नुसतं प्रमाणपत्र आणतात. पण रोजनामा कसा वाचायचा, नक्कल कशी काढायची, मुदतीचा अर्ज कधी द्यायचा, हे पुस्तकात नसतं. ते या आठवड्यांतच कळतं.

दुसरी पायरी: नावनोंदणी, म्हणजेच सनद

पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र मिळालं की राज्य बार कौन्सिलकडे अर्ज करायचा. सोबत दहावीपासूनच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, काळा कोट आणि बँड घातलेले फोटो आणि प्रतिज्ञापत्रं लागतात. आपण कुठं पूर्णवेळ नोकरीत नाही आणि आपल्यावर गुन्हा असल्यास त्याची माहिती, हे या प्रतिज्ञापत्रांत लिहून द्यायचं असतं. कागदांची ताजी यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी.

गुन्हा दाखल असला की सनद मिळतच नाही, असा समज आहे. कलम २४-अ मधली अपात्रता येते ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर. अस्पृश्यता पाळण्याच्या गुन्ह्यातली शिक्षा आणि नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून सरकारी नोकरीतून झालेली बडतर्फीसुद्धा यात येते. सुटका किंवा बडतर्फीनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते. मात्र दाखल असलेला खटला लपवणं हे स्वतंत्र संकट आहे. खोटी माहिती देऊन मिळवलेली सनद पुढं काढून घेता येते.

सगळं बरोबर असेल तर शपथ होते आणि नावनोंदणी क्रमांक मिळतो. महाराष्ट्रातल्या वकिलांच्या कागदांवर 'एमएएच', मग आकडा आणि मग वर्ष असा जो क्रमांक दिसतो, तो हाच.

सनदेला खर्च किती?

या प्रश्नाचं उत्तर २०२४ मध्ये बदललं.

कायद्यात खुल्या प्रवर्गासाठी नावनोंदणीचं शुल्क ७५० रुपये आहे. त्यातले ६०० राज्य कौन्सिलचे आणि १५० बार कौन्सिल ऑफ इंडियाचे. अनुसूचित जाती-जमातींसाठी ते १२५ रुपये आहे. पण राज्य कौन्सिलं इमारत निधी, कल्याण निधी, ओळखपत्र, ग्रंथालय अशा नावांखाली कितीतरी जास्त रक्कम घेत होती. महाराष्ट्रात हा आकडा १५ हजारांच्या आसपास होता, तर ओडिशात ४० हजारांच्या वर.

३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला: कायद्यात लिहिलेलं शुल्क आणि लागू असल्यास मुद्रांक शुल्क, यापलीकडे नावनोंदणीची अट म्हणून एक रुपयाही घेता येणार नाही. निकाल त्या दिवसापासून पुढं लागू झाला. त्यामुळे आधी भरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

या पैशांचं महत्त्व नवं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये मुंबईला परतले, तेव्हा सनद काढायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. त्यांचे मित्र नवल भथेना यांनी ती मदत केली आणि मग त्यांची वकिली सुरू झाली. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी काळा कोट घालतंय, तिथं आजही सनदेची रक्कम हा शेवटचा अडथळा ठरू शकतो.

अडथळा नेहमी पैशांचाच होता असंही नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण महिलांवरच्या बंदीमुळे कितीतरी वर्षं भारतात त्यांना रीतसर वकील म्हणून उभं राहता आलं नाही. जवळपास तीस वर्षं त्या सनदेविना थांबल्या.

तिसरी पायरी: अखिल भारतीय बार परीक्षा

२००९-१० पासून पुढं पदवी घेतलेल्या प्रत्येकाला ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. १०० बहुपर्यायी प्रश्न, चुकीला गुण वजा नाहीत. खुल्या आणि इतर मागासवर्गासाठी ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी ४० टक्के गुणांवर उत्तीर्ण. परीक्षा मराठीतूनही देता येते. टिपणं आणि भाष्य नसलेली, म्हणजे नुसत्या कलमांची कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात. याचा खरा अर्थ असा की पाठांतर कमी लागतं, पण कोणतं कलम कुठं आहे हे बोटांना माहीत असावं लागतं.

आधी नावनोंदणी होते आणि मग दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची असते. या काळात तात्पुरत्या सनदेवर काम करता येतं. परीक्षा कितीही वेळा देता येते. उत्तीर्ण झाल्यावर 'सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस' मिळतं. परीक्षेचं शुल्क नावनोंदणीच्या शुल्कापेक्षा वेगळं असतं आणि ते आजही हजारांत आहे.

पदवी आणि सनद असताना आणखी परीक्षा कशाला, हा वाद बरीच वर्षं चालला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ही परीक्षा वैध ठरवली. ती नावनोंदणीच्या आधी घ्यायची की नंतर, हेही बार कौन्सिल ऑफ इंडियावर सोपवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांनाही त्या वर्षीच्या परीक्षेला बसू देण्याचा आदेश न्यायालयानं दिला. त्यामुळे निकालाची वाट पाहण्यात जाणारे महिने वाचण्याचा मार्ग मोकळा झाला.

सनद मिळाली, आता काय चालतं आणि काय नाही?

२०११ मध्ये लागू झालेल्या कलम ३० नुसार सनदधारकाला देशातल्या कुठल्याही कोर्टात वकिली करता येते. साताऱ्याचा वकील दिल्लीत उभा राहू शकतो, फक्त तिथल्या उच्च न्यायालयाचे स्थानिक नियम पाळावे लागतात. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करायचं असेल तर 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड' लागतो. त्यासाठी वेगळी परीक्षा असते.

काही बंधनंही येतात. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. नोकरी धरली तर सनद तात्पुरती स्थगित करावी लागते. कायदा शिकवण्याला मर्यादित तासांची सूट आहे. स्वतः धंदा चालवता येत नाही, मात्र कामात भाग न घेणारा भागीदार म्हणून राहता येतं.

आणि जाहिरात करता येत नाही. 'घटस्फोट हवाय? डीएम करा' अशी रील टाकणाऱ्या नव्या वकिलांनी हे नीट समजून घ्यावं. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार काम मागण्यासाठी जाहिरात करणं हे गैरवर्तन आहे. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, नावनोंदणी क्रमांक अशी मोजकी माहिती देण्याची मुभा आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ऑनलाइन जाहिरातींवर कडक भूमिका घेतली. त्यानंतर बार कौन्सिल ऑफ इंडियानंही राज्य कौन्सिलांना कारवाई करायला सांगितलं.

सनद नसताना वकिली केल्यास कलम ४५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःचा खटला मात्र कुणीही स्वतः लढू शकतो, त्याला सनद लागत नाही.

खरी परीक्षा: पहिली काही वर्षं

कागदावरचा रस्ता इथं संपतो. त्यानंतर बहुतेकजण एखाद्या सिनिअरकडे ज्युनिअर म्हणून लागतात. सकाळी बोर्ड पाहणं, तारखा घेणं, फाइली सांभाळणं, अर्ज टाइप करून आणणं, पक्षकाराचा फोन घेणं. या कामाचे पैसे किती मिळतील, हे सिनिअरवर अवलंबून असतं. काही ठिकाणी जाण्यायेण्याचा खर्च निघतो, काही ठिकाणी तोही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनिअरना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये महिना द्यावेत, असं सुचवलं. पण ही सूचना आहे, सक्ती नाही.

म्हणून घरची परिस्थिती बेताची असेल तर कॉलेजच्या फीसोबत या वर्षांचाही हिशोब आधीच करायला हवा. कुणी तालुक्याच्या कोर्टात काम सुरू करतं, कारण तिथं राहण्या-खाण्याचा खर्च कमी आणि छोटी कामं लवकर मिळतात. कुणी कंपनीच्या कायदा विभागात नोकरी घेतं. अशांनी सनदेचा नियम विसरू नये.

न्यायाधीश व्हायचं असेल तर आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. महाराष्ट्रात ज्या परीक्षेला सगळे 'जेएमएफसी' म्हणतात, ती हीच. ही तीन वर्षं तात्पुरत्या नावनोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात. म्हणजे पदवीनंतर सनद काढायला केलेला उशीर थेट या मोजणीतून जातो.

थोडक्यात लक्षात ठेवा

- बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं, दोन्ही मार्ग सनदेसाठी सारखेच.
- प्रवेशाआधी कॉलेजची बार कौन्सिल मान्यता आणि स्वतःची दहावी-बारावी-पदवी ही साखळी तपासा.
- दूरस्थ एलएलबीवर सनद मिळत नाही.
- निकाल लागताच नावनोंदणीचा अर्ज करा. कायद्यातलं शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये.
- नावनोंदणीनंतर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हा.
- सनद हातात येईपर्यंत नावामागे 'ॲड.' लावू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा.